मळी आणि मासा

"आबाऽ, हात काढा! हात काढा म्हंतो न्हवं पाण्यातनं!"

मी असा काही ओरडलो की कृष्णेकाठचे बगळे उठले, ते माझ्या माहितीप्रमाणे अजून उतरलेले नाहीत. सोप्यात माझे वडील उभे होते. हातात गुऱ्हाळातला झारा, झाऱ्यावर पांढरा फेस, आणि समोर माझी काचेची पेटी. पेटीतला तांबडा मासा कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे बघत होता. घर पडलेल्या माणसाची नजर मी लढाईत पुष्कळ पाहिली आहे. तीच ती.

आणि ऊन टाळायला रातोरात निघालेली पाहुण्यांची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली होती.

आता हे सगळं नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही मला थापाड्या म्हणाल. गाव म्हणतच होतं. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटलो आणि बंगालमधून येताना मी ही गुरामीची जोडी घेऊन आलो. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. नराच्या अंगावर तांबडे-निळे पट्टे, जणू सासरवाडीला निघालाय. मादी साधी, रुपेरी. दोघांच्याही पोटाखाली दोन लांब दोरे. त्यांनी ते चाचपडत हिंडतात, जसे आमचे चुलते चष्मा हरवल्यावर हिंडतात. रेल्वेच्या चार दिवसांत मी ती जोडी जेवणाच्या डब्यात, झाकण किलकिलं ठेवून, मांडीवर धरून आणली. हा मासा अधूनमधून वर येऊन हवा गिळतो, म्हणून एवढ्याशा पाण्यात जगला. नागपूरच्या पुढं एका गोऱ्या साहेबानं मला जागा दिली ती माझ्याकडं बघून नव्हे, माशाकडं बघून. त्यानं उभं राहून माशाला सलाम केला असंही मी गावात सांगितलं होतं. ते खोटं. पण जागा दिली हे खरं.

पेटी करून दिली तासगावच्या बाजारातल्या कंदील करणाऱ्या चाचांनी. चार काचा, पत्र्याची चौकट, सांध्याला डांबर. "पानी एक बूंद नहीं गिरेगा," म्हणाले. आठ दिवस गळत होती, मग स्वतःच दमून थांबली. आत ओढ्यातलं शेवाळ, ओढ्यातलीच बोटभर मासळी, दोन गोगलगाई, एक झिंगा. खायला गोठ्यातल्या हौदातल्या डासाच्या अळ्या. सगळी मंडळी एका पाण्यात गुण्यागोविंदानं राहायची. आमच्या भावकीत पाच पिढ्यांत झाली नाही एवढी शांतता त्या पेटीत नांदत होती. बांधाची भांडणं घेऊन आलेली माणसं तिच्यासमोर टेकायची आणि भांडण विसरून, "त्यो झिंगा कुठं गेला रं?" एवढंच विचारून घरी जायची.

मग मी मुलगी बघायला गेलो. तिथंही मासा सांगितला. म्हणालो, माझ्याकडं असा मासा हाय, जो तोंडानं बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो. मादी अंडी घालते, नर ती तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवतो आणि राखणीला बसतो. बायको जवळ आली तर तिलाही हाकलतो.

बैठक हसली. माझे मामा, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं, त्यांनी कपाळाला हात लावला. फक्त दाराआडून एक आवाज आला, "आन् मग अंडी पाण्यात बुडत न्हाईत व्हय?"

आख्ख्या जिल्ह्यात माझ्या माशाबद्दल कोणी विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. मी त्याच क्षणी ठरवलं, लग्न करीन तर ह्या दाराआडच्या आवाजाशी, नाहीतर परत पलटणीत.

पण तिचे वडील जुने ऊसवाले. आमच्या गावात चौकशी करून बसले होते. म्हणाले, "पावनं, पोरगं कष्टाळू हाय म्हंत्यात. पण तोंडातनं खरं निघत न्हाई असंबी म्हंत्यात. लढाईचं काय सांगितलंसा ते सोडून देतो. पर लेक द्यायची तर एक गोष्ट खरी दाखवा. त्ये घरटं दाखवा. हाय म्हणलं तर पुढं बोलू. न्हाईतर रामराम." आणि पुढचा रविवार ठरवून दिला.

आता गंमत बघा. आयुष्यभर मी शंभर थापा मारल्या आणि लोकांनी पचवल्या. एकदाच खरं बोललो, तर पुरावा मागितला!

घरी येऊन मी माशापुढं हात जोडले. चैत्राचं ऊन होतं, पाणी कोमट, मादी पोटानं टरारलेली. नरानं कामाला सुरुवातही केली. दिवेलागणीला शेवाळाच्या कडेनं बशीएवढा फेस. सकाळी बघावं तर पाणी आरशासारखं साफ! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. मी माशाला शिव्या घातल्या. झिंग्यावर संशय घेतला आणि त्याला एक दिवस तांब्यात कैदेत ठेवलं. आई म्हणाली, "दिष्ट लागली आसंल," आणि पेटीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आणि रविवारी उजाडताना चोर सापडला तो असा, झाऱ्यासकट.

आबा आमचे गुळवे. पंचक्रोशीतल्या उसाचा रस आटवायच्या काहिली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. रस उकळायला लागला की वर मळीचा फेस धरतो. तो वेळेत काढला नाही तर गूळ काळा पडतो. चाळीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं. कुठंही फेस दिसला की हात चालायचा. कालवणाला उकळी आली तरी आई आधी त्यांना चुलीपासून लांब बसवायची. गुऱ्हाळाचे शेवटचे दिवस. पहाटे गुऱ्हाळाकडं निघताना वाटेत सोप्यातली पेटी, पेटीवर फेस, खांद्यावर झारा. मग काय होणार?

पाहुणे आत आले ते नेमके ह्या घडीला. आबा तसेच उभे. झाऱ्यातून थेंब गळतोय.

मी बोलायला सुरुवात केली. घरटं होतं, आत्ताच होतं, बशीएवढं होतं, परातीएवढं होतं! जितकं बोललो तितके पाहुणे मागं सरकत गेले. मामा माझा सदरा ओढत म्हणाले, "गप गड्या, आता परात उतरव खाली."

मुलीच्या वडिलांनी मला हातानं थांबवलं आणि आबांकडं वळले. "तुमी सांगा. ह्ये काय हाय?"

"मळी," आबा म्हणाले.

"कसली?"

"माशाची. आज चौथा दिस. मी काढतोय आन् त्यो तांबडा पुन्ना आणतोय. वर येतोय, त्वांडातनं बुडबुडा सोडतोय, शेवाळाला चिकटिवतोय. काम चोख करतोय, त्येला नाव न्हाई ठेवायचं. पर मळी ती मळी."

पाहुण्यांनी झाऱ्यावरचा फेस चिमटीत घेतला. चोळला. वास घेतला. तोही जन्म काहिलीपाशी गेलेला माणूस. म्हणाले, "गार पाण्याव फेस ठरत न्हाई. ह्यो ठरतोय. चिकाट हाय." मग पेटीसमोर फतकल मारली आणि डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

मासा कोपऱ्यातून निघाला. वर आला. हवेचा घोट घेतला, शेवाळाखाली गेला आणि एक बुडबुडा सोडला. मग दुसरा. पाहुणे मोजायला लागले आणि साठावर मोजणं सोडून दिलं. आबा शेजारी बसले ते दोन्ही हात मांडीखाली दाबून. आत पुरणपोळ्या निवल्या, मामांना झोप लागली, ऊन अंगणातून ओट्यावर चढलं, आणि ते दोन म्हातारे एका बोटभर गवंड्याचं काम बघत राहिले. दुपारी वाटीएवढं घरटं झालं तेव्हा पाहुण्यांनी पटका बांधला आणि सुपारी फोडली.

पुढं पिलं झाली, पापणीच्या केसाएवढी. गावात मी ती बांगडीएवढी सांगितली. आता मला कोण अडवणार होतं?

लग्नानंतर महिन्याभरानं बायको पेटीजवळ अळ्या टाकत होती. मी छाती काढून विचारलं, "त्या दिशी घरी येऊन तुझं वडील माझ्याबद्दल काय म्हणलं गं?"

ती पाण्यातच बघत म्हणाली, "म्हणलं, बाप खरं बोलतोय. पोराचं पुढं बघू."