शेवटच्या ओळीतलं नाव

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पाणी भरायचं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. त्या दिवशी दुपारी आलं. मी नळी धरली, ती झाकणं काढत पुढं चालली. टाकी, दोन निळे ड्रम, हंडे, बादल्या, पातेली. शेवटी तांबे आणि गिलास राहिले तर तेही भरून ठेवायची तिची आदत होती.

मी म्हणलं, "आता चमच्यात बी भर."

ती म्हणली, "तुमी नळी सरळ धरा. माझ्या पायावर सांडायलंय."

मग ती पायरीवर बसली आणि पदरानं पाय पुसले. चहा टाकते म्हणली. चहा टाकला नाही. छातीत दुखायलंय म्हणली. मुलानं रिक्षा आणली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं.

घरात पाणी भरलेलंच होतं. आलेल्या माणसांना तेच दिलं. पुढं आठवडाभर आम्ही तेच प्यालो. मला रडू आलं नाही. लोक म्हणले, धक्का बसलाय, येईल. अजून आलं नाही.

हे मी सरांनी सांगितलं म्हणून लिहितोय. सर म्हणजे आमच्या वस्तीतले रिटायर मास्तर, विहाराच्या कमिटीचे सचिव. ते म्हणले, जसं बोलता तसं लिहा, काना-मात्रा मी बघतो. म्हणून जसं झालं तसं लिहिलंय.

ती गाणारी होती. मुकुंदवाडीत आणि आसपासच्या वस्त्यांत तिला सगळे ओळखत. आमची गायन पार्टी होती. ती पेटी वाजवून गायची. एक ढोलकीला, एक बेंजोला, आणि मागं आम्ही चार-पाच जण कोरसला. मला आवाज नाही. मी टाळ्या वाजवायचो आणि पेटी उचलायचो. सहा दिवस कंपनीत पॅकिंगला, सुट्टीच्या दिवशी पार्टीत. जयंती असो, लग्न असो, नवीन विहार बांधलेला असो, बोलावणं यायचं. टेम्पोत बसून आम्ही फुलंब्रीला, सोयगावला, कुठं कुठं गेलो.

आमच्या गाण्यांची एक रीत आहे. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. ऐकणारे त्याची वाट बघतात. नाव आलं की टाळ्या पडतात, आणि गाणं कुणाचं ते सगळ्यांना कळतं.

तिच्या गाण्यांत शेवटी माझं नाव यायचं.

गाणी सगळी तिची. शब्द तिचे, चाल तिची. मी एक ओळ रचलेली नाही. मी चौथी शिकलो, ती सातवी. ती भाकरी थापताना ओळ धरायची, पिठाच्या हातानं बाहेर यायची आणि मला विचारायची, "हे कसं वाटतं?" मी म्हणायचो, चांगलंय. मला दुसरं काही कळायचं नाही.

लग्नानंतर तिनं पहिलं गाणं केलं तेव्हा पार्टीचा म्होरक्या एक म्हातारा होता. आता तोही नाही. तो म्हणला, "बाई, शेवटाला तुझं नाव घातलं तर लोक हसतील. म्हणतील, ही गाणी करती, मग नवरा काय भाकरी थापतो का? मालकाचं घाल." सगळे हसले. मीही हसलो. तिनं माझं नाव घातलं. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. तीच म्हणली, "तुमचं चालीत बसतं. माझं बसंना." ते खरं होतं का माझी समजूत काढायला म्हणली, मला माहीत नाही.

एकदा घातलं ते पुढं प्रत्येक गाण्यात येत गेलं. कंपनीत मला शाहीर म्हणायला लागले. सुपरवायझरसुद्धा म्हणायचा, "शाहीर, खोकी मोजली का?" मला बरं वाटायचं. वीस-बावीस वर्षं एखादी गोष्ट लोक म्हणत राहिले की आपल्यालाही खरी वाटते. मला वाटायला लागलं की गाणी थोडी माझीच आहेत, ती लिहायला बसली की चहा मी करून द्यायचो म्हणून.

तिचं एक पाटीचं गाणं होतं. दोन बहिणींत एकच पाटी. थोरली लिहिते, मास्तरांना दाखवते, थुंकी लावून पुसते, मग धाकटीला देते. धाकटी अभ्यास लिहिते तेव्हा थोरलीचा पुसलेला असतो. घरी बाप विचारतो, काय शिकलात, तर पाटीवर एकीचंच दिसतं. हे तिच्याच घरचं होतं, सोयगावकडचं. थोरली बहीण चौथीतच शाळेतून निघाली, पाटी हिला सोडून.

त्या गाण्याचीच एक गोष्ट सांगायची आहे. मला ती सांगायला आवडत नाही.

सोयगावला कार्यक्रम झाला. तिच्या माहेरचा तालुका. तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी आम्हाला घरी चहाला नेलं. चांगला माणूस. तो मला म्हणला, "शाहीर, पाटीचं गाणं ऐकून माझ्या आईच्या डोळ्याला पाणी आलं. कसं सुचलं हो तुम्हाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगायचं होतं. ती वाट बघत होती, एवढं मला तेव्हाही कळलं.

मी म्हणलं, "सुचलं असंच."

ती कपाकडं बघत बसली. येताना टेम्पोत सगळे गप्पा मारत होते, तीही बोलली, पण माझ्याशी नाही. घरी आल्यावर म्हणली, "उद्या डब्याला काय देऊ?" त्या गोष्टीवर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही नाही. तिनं पुढं गाणी केली ती कमी केली. प्रत्येकाच्या शेवटी माझंच नाव घातलं.

ती गेल्यावर वर्ष झालं तेव्हा पार्टीवाल्यांनी विहारापुढं तिच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला. सरांनी ठरवलं की हार-फुलं कुणी आणायची नाहीत. वही आणायची नाहीतर पेन. ते सगळं खेड्यातल्या शाळेत पोरांना वाटायचं. लोकांनी वह्या आणल्या आणि तिच्या फोटोपुढं ठेवल्या. ढीग एवढा झाला की फोटो दिसेना. मग कोरसमधल्या एकानं फोटो उचलून ढिगावर ठेवला. फोटो घसरायचा, म्हणून तो माणूस धरून बसला.

मला पुढं सोफ्यावर बसवलं होतं. निवेदक म्हणला, "लेखणी त्यांची, गळा त्यांचा. दोघांनी मिळून संसार नव्हे, चळवळ केली." मग मला वर बोलावून शाल घातली. मी हात जोडले आणि खाली येऊन बसलो. मला काही वाटलं नाही. ऊन होतं, शालीनं मान तापत होती, तेवढं कळत होतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच. शाल हिरवी होती. वह्या जास्त आल्या. एक नवी पोरगी आता तिची गाणी गाते, आवाज चांगला आहे, जरा घाई करते. तिनं शेवटच्या कडव्यात माझं नाव घेतलं की सगळे टाळ्या वाजवत माझ्याकडं वळून बघायचे. बायको गायची तेव्हाही टाळ्या पडायच्या, पण तेव्हा लोक तिच्याकडं बघायचे. मी मागं बसलेला असायचो.

ह्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर घरी आले. हातात छापलेले कागद होते.

"गाण्यांचं पुस्तक काढतोय," ते म्हणले. "त्याचे जे पैसे येतील ते मुलींच्या शाळेच्या पुस्तकांना. हे प्रूफ आहे. बघून ठेवा, परवा प्रेसला जातंय."

वरच्या पानावर मोठ्या अक्षरात माझं नाव होतं. ते वाचायला मला वेळ लागला नाही, माझं नाव मला वाचता येतं. खाली बारीक अक्षरात होतं की कालकथित पत्नीच्या आवाजानं अमर झालेली गीते. तिचं नाव आतल्या पानावर होतं, फोटोखाली.

मी म्हणलं, "सर, हे..."

"आवडलं ना?" सर म्हणले. "कव्हर पोरांनी कॉम्प्युटरवर केलंय." आणि त्यांना दुसरीकडं मंडप बघायचा होता म्हणून गेले.

मी कागद घेऊन बसलो. आजवर जे होतं ते हवेत होतं. गाणं म्हणलं, टाळ्या वाजल्या, संपलं. हे छापून घरोघरी जाणार होतं. मी मेल्यावर मग हे कुणाला दुरुस्त करता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. पोरीनं पाटीचं गाणं म्हणलं. माझं नाव आलं, लोक वळले. निवेदक शाल घेऊन उभा होता. मी वर गेलो, शाल घ्यायच्या आधी माइक घेतला आणि म्हणलं, "ही गाणी मी लिहिलेली नाहीत. तिनं लिहिली. मला एक ओळ रचता येत नाही. मी मागं बसून टाळ्या वाजवायचो."

मग टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या टाळ्या माझ्या नावालाही कधी पडल्या नव्हत्या.

निवेदकानं माइक घेतला. "ऐकलंत? याला म्हणतात मोठं मन. आपलं सगळं श्रेय बायकोच्या चरणी वाहणारा नवरा तुम्ही पाहिलाय का?"

मी म्हणलं, "अरे, खरं सांगतोय."

"बघा, अजून नको म्हणतायत," तो म्हणला, आणि लोक उभे राहिले. बाया डोळे पुसायला लागल्या. शाल अंगावर आली. खाली उतरलो तर आमचा शेजारी हात धरून म्हणला, "चाचा, आपने तो रुला दिया. इत्ता प्यार कौन करता आजकल." कोरसमधला जुना माणूस, इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवलेला, तोही म्हणला, "भाऊ, लई मोठा बोलला तू."

मी त्याला म्हणलं, "तुला तर माहितंय."

तो हसला. "काय माहितंय? घरात कोण लिहितंय ते आमी थोडंच बघायला येत होतो?"

मी घरी आलो. सुनेनं वाढलं, जेवलो, झोपलो. झोपही लागली.

सकाळी उठून तिची लोखंडी पेटी उघडली. वर पांढरी साडी होती, खाली वह्या. नऊ वह्या. काही कॅलेंडरच्या पानांच्या मागं लिहिलेल्या, दोऱ्यानं शिवलेल्या. सगळ्या टॉवेलात बांधल्या आणि सरांच्या घरी गेलो.

सर ओट्यावर पेपर वाचत होते. "या शाहीर. काल तुमी कमाल केली."

मी गाठोडं त्यांच्यापुढं ठेवलं. "वाचा," म्हणलं.

त्यांनी चष्मा लावला. एक वही उघडली, मग दुसरी. तिनं लिहिलेलं आणि खोडलेलं सगळं त्यात होतं. एकेक ओळ चार-चार वेळा बदललेली. कडेला पीठ लागून वाळलेलं.

"अक्षर त्यांचं आहे," सर म्हणले. "पण तुमी सांगत असाल, त्या उतरवून घेत असतील."

"सर, मला बहीण नाय. आमच्या घरात पाटी माझ्या एकट्याची होती."

सरांनी पाटीचं गाणं काढून बराच वेळ वाचलं. मग चष्मा काढला.

"मग तीन वर्षं शाली कशा घेतल्या?"

"तुमी घातल्या. मी मान खाली केली."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बी तेच."

सरांनी मान हलवली. ते रागावले होते, आणि मला ते बरं वाटलं. काल रात्रीपासून माझ्याशी सगळे फार गोड बोलत होते.

मग सर म्हणले, "आता काय करायचं? प्रत्येक गाण्याच्या शेवटी तुमचं नाव आहे. ते काढून तिथं त्यांचं बसवावं लागंल. पोरीला सगळं नव्यानं पाठ करावं लागंल."

मी वही पुढं ओढली. शेवटचं कडवं बघितलं. वरच्या ओळी तिनं तीन वेळा खोडल्या होत्या. माझं नाव एकदाच लिहिलेलं, सरळ, कुठं खाडाखोड नाही. असं का ते मला विचारता आलं असतं तेव्हा मी विचारलं नाही.

मी म्हणलं, "गाणं तिचं आहे. त्यातलं काही काढू नका. तिनं लिहिलंय ते राहू द्या. वरच्या पानावरचं काढा."

सरांनी आतून प्रूफ आणलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुमीच काढा."

मी वरच्या पानावरच्या माझ्या नावावर एक रेघ मारली. रेघ पातळ वाटली म्हणून आणखी एक मारली. मग खाली तिचं नाव लिहिलं. खोक्यांवर नंबर टाकायचो, सही करायचो, त्यापलीकडं बरीच वर्षं काही लिहिलं नव्हतं. हळूहळू काढलं.

सर वाकून बघत होते. म्हणले, "पूर्ण नाव लिहा ना. पुस्तकावर पूर्ण नाव लागतं."

पूर्ण लिहायचं तर मध्ये माझं नाव येणार, पुढं माझं आडनाव.

मी पेन ओट्यावर ठेवलं. "एवढंच राहू द्या," म्हणलं.