नाड्या लावलेले हातमोजे

बाबा मुलुंडला, आग्रा रोडलगतच्या एका वखारीत करवतीवर होते. जंगलातून ओंडक्यांचे ट्रक यायचे. ओंडक्यांच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असायचा आणि सालीत तिकडची माती. करवत म्हणजे दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पट्टा आणि समोर लोखंडी टेबल. बाबा अलीकडून लाकूड रेटायचे, पलीकडून त्यांचे एक जोडीदार ओढून घ्यायचे. त्यांना मी काका म्हणायचे.

बाबांची डावी करंगळी अर्धीच होती. ती मी लहान असताना गेली. उरलेली बोटं शाबूत राहावीत, एवढंच आईला वाटायचं, पण ती तसं कधी बोलली नाही. बाबा दारात आले की आधी त्यांच्या हातांकडे बघायची आणि मग चहा टाकायची.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे घरात मला सगळं कळतं असा समज होता. मला मात्र वर्गात निम्मं कळायचं नाही. वाचनालयात एकदा कामगारांच्या सुरक्षिततेवरची एक इंग्रजी पुस्तिका हाती लागली. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून चित्रंच जास्त बघितली. एका चित्रात जाड हातमोजे घातलेला कामगार होता. तो पेट्या उचलत होता, करवतीवर नव्हता, हे मी बघूनही बघितलं नाही.

घरी जुन्या ताडपत्रीचे हातमोजे शिवायला घेतले. आईच्या मशीनची सुई मोडली. अंगठा बसेना म्हणून दोनदा उसवले. काम करताना निसटू नयेत म्हणून मनगटाला नाड्या लावल्या. त्या नाड्यांचा मला फार अभिमान वाटला होता. आता हे लिहितानाही अवघड वाटतं.

"नाडी बांधायची हां बाबा," मी रोज सकाळी सांगायचे.

"बांधतंय गो," बाबा त्यांच्या मालवणीत म्हणायचे.

वखारीत काका त्यांना चिडवायचे. "काय रे, लेक कॉलेजात गेली नि बाप विकेटकीपर झाला! पॅड कधी शिवून आणतेय?" बाबा हे घरी येऊन हसत सांगायचे.

दोन-तीन आठवडे गेले असतील. एका दुपारी कॉलेजातून आले तर बाबा घरी. दुपारी ते कधीच घरी नसत. उजव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं. काका दाराला टेकून उभे होते, त्यांच्या केसांत अजून भुसा होता.

"नख गेलं," काकांनीच सांगितलं. "फळी संपत आलेली. मोज्याचं टोक दातात अडकलं आणि पट्ट्यानं खाली खेचला ना मोजा. चिंध्या झाल्या त्याच्या. हात सुटून बाहेर आला म्हणून बरं. ती नाडी बांधलेली असती ना, तर मनगटापर्यंत वाट लागली होती."

मी बाबांकडे बघितलं. "बांधली नव्हती?"

"एकव दिवस बांधलंय नाय," ते खाली बघत म्हणाले. "हात आवळल्यासारखो वाटता."

"आणि तिला रोज बांधतो म्हणून सांगत होतात?" आई म्हणाली.

"चेडवाक वाईट वाटात म्हणून."

मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर निदान रडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात तीच पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन बसले. चित्रापासून दोन पानं पुढे स्पष्ट लिहिलं होतं की फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. ते एक वाक्य लावायला मला बराच वेळ लागला. त्या दिवशी वर्गात गेले नाही.

घरी येऊन बाबांना ते वाक्य सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुस्तक वाचलंस, पण मशीन बघलंस काय गो?"

मी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत वखारीच्या फाटकाच्या आत गेलेच नव्हते.

सुट्टीच्या दिवशी बाबा मला घेऊन गेले. काकाही आले. पट्टा थांबलेला होता. "हात कुठे असतो ते दाखवा," मी म्हटलं. बाबांनी रिकाम्या टेबलावर फळी ठेवली आणि हळूहळू रेटत नेली. बराच वेळ हात लांब होता. फळी संपत आली तसा तो पट्ट्याकडे सरकत गेला.

"सुरुवातीला कोण कापून घेत नाय," काका म्हणाले. "हा शेवटचा वीतभर. आमच्यातल्या सगळ्यांची बोटं इथंच गेली."

मग बाबांनीच लाकडाची एक पट्टी उचलली आणि टोकाला पटाशीनं खाच पाडली. शेवटचा तुकडा हातानं नाही, या काठीनं रेटायचा. हिशेबासाठी आलेले वखारीचे शेठ गल्ल्यावरून बघत होते. "काम हळू होईल," ते म्हणाले.

"होईल, शेठ," बाबा म्हणाले.

अंगठा भरल्यावर बाबा कामावर गेले, त्या दिवशी मीही फाटकाशी उभी राहिले. तीन फळ्या काठीनं गेल्या. तिसरीबरोबर काठीही पलीकडे गेली आणि काकांच्या पायाशी भुशात पडली. ती आणायला न थांबता चौथी फळी बाबांनी हातानंच रेटली. माझ्या तोंडातून हाक येत होती, पण ती गिळली. हाक ऐकून त्यांनी मान वळवली असती आणि हात तिथेच राहिला असता.

पट्टा थांबेपर्यंत मी थांबले. मग आत जाऊन टाकाऊ ढिगातून पट्ट्या वेचायला लागले.

"अजून किती पाहिजेत, मॅडम?" काकांनी विचारलं.

मला नक्की माहीत नव्हतं. "जेवढ्या पलीकडे जातात तेवढ्या," मी म्हटलं.

बाबांनी कपाळावरचा भुसा पुसला आणि पटाशी घेतली.