बारशाआधी गेलेली

बँकेतून निवृत्त झाले आणि मला वंशावळीचं वेड लागलं. सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडायचा आणि पणजोबा शोधत बसायचं. आई शेजारच्या खुर्चीत पेपर वाचायची आणि मधूनमधून माझ्या चुका काढायची. एकदा तिने पेपर बाजूला ठेवला नि म्हणाली, "तिला घातलंस का गं?"

"कुणाला?"

"तुझ्या आधीची."

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती आणि बारसं व्हायच्या आत गेली, एवढंच मला माहीत होतं. तो विषय घरात निघायचाच नाही. निघालाच तर गॅसवर दूध ठेवल्यासारखं कुणीतरी घाईने उठून जायचं. मी निमूटपणे स्क्रीनवरच्या वंशावळीत तिच्यासाठी एक चौकोन केला. नावाची जागा रिकामी राहिली. खाली विचारलं होतं, अंत्यविधी कुठे झाला. मी आईकडे बघितलं.

"मला काय विचारतेस?" आई फणकारली. "मला कुणी सांगितलंय? पुरुषमाणसं घेऊन गेली आणि हात हलवत परत आली."

दात न आलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि जागा आईला सांगायची नाही. सांगितली तर तिचा जीव तिथेच घुटमळतो, पुढचं मूल जगत नाही, असं मोठ्या बायका म्हणायच्या. पुढचं मूल म्हणजे मी! माझ्यापायी आईचं तोंड बंद केलं होतं, हे मला साठी उलटल्यावर कळावं? असा काही संताप आला म्हणून सांगू!

"एकदा मला तिथे ने," आई म्हणाली. "पाय चालतायत तोवर."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी त्यांच्याबरोबर फक्त धाकटे काका गेले होते. काका त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हा मुलांचेही ते अण्णाच. काका आता मुलाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात. फोन केला तर म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस ते?"

"मी नाही, आई विचारतेय."

 मग अर्ध्या कानडीत म्हणाले, "सरी, बरं. रविवारी या."

रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून तयार. मी चेष्टेने म्हटलं, "लग्नाला चाललीयस का?"

"लेकीकडे चाललेय," ती म्हणाली. 

आमच्या घरून, मारतहळ्ळीहून निघालो ते रिंग रोडने पार जीव काढला. एरवी सिग्नलला बोटं मोडणारी आई त्या दिवशी एका शब्दाने कुरकुरली नाही. काकांना त्यांच्या दारातून घेतलं आणि बोम्मसंद्र्याच्या बाजूला वळलो. काका ड्रायव्हरला सारखे "स्वल्प हळू, स्वल्प हळू" म्हणत होते. ते सांगत होते, तेव्हा इथे सगळी नाचणीची शेतं होती, अण्णांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधाजवळ जागा दिली होती, शेजारी तळं होतं, काठावर करंजाचं मोठं झाड. आता कुठलं तळं आणि कुठला करंज! दोन्हीकडे कारखाने, रांगेत उभे ट्रक, चहाच्या टपऱ्या. काका उतरत, इकडेतिकडे बघत, मान हलवत, परत गाडीत येऊन बसत. शेवटी एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी ते थांबले.

"इथेच कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे?" मी चिडलेच. "आत की बाहेर?"

"नाही गं सांगता येत." त्यांचे डोळे भरून आले होते.

मला रडू फुटलं. आई तर आईच, पण मलाही ती हवी होती. अण्णा गेले तेव्हा, आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा, मनात यायचं, ती असती तर दोघींनी मिळून निभावलं असतं. तिचा फोटो नाही, नाव नाही. निदान हात ठेवायला वीतभर जमीन तरी मिळेल अशी आशा होती.

आई मात्र भिंतीकडे बघतही नव्हती. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, खोल खणलं होतं ना?"

काका गाडीला टेकले.

"तेव्हा इकडे कोल्हे होते म्हणतात. कुत्री भुंकली की मी रात्रीची उठून बसायचे. अजून बसते."

"वहिनी," काका म्हणाले, "छातीइतकं खणलं. मी पुरे म्हणत होतो, अण्णा ऐकेनात. स्वतः आत उतरले. मीठ घातलं, माती दाबली, वर काटे रचले, दगड ठेवले. काहीसुद्धा आत शिरलं नसणार." मग जरा थांबून म्हणाले, "अण्णा कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. त्यांनी अंगातला स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळला."

"हिरवा? मी विणलेला?"

"हिरवाच."

"मला म्हणाले, बसमध्ये राहिला." आई म्हणाली. "अहो, महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. म्हटलं, लेक गेली त्याचं या माणसाला काही नाही, वर स्वेटर हरवून आलाय."

 एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"मग थंडी नसेल वाजली तिला," ती म्हणाली.