उजव्या पानावरच्या रेघा

बाबा गेले त्या दिवशी विद्यापीठात माझा पाली भाषेचा शेवटचा पेपर होता. ते गेले तेव्हा मी अनित्यतेवरच्या प्रश्नाचं उत्तर लिहीत होते.

बाबांनी बुद्धवंदनेची एक वही केली होती. डाव्या पानावर पाली गाथा, उजवं पान मराठी अर्थासाठी कोरं. गाथा त्यांना लहानपणापासून पाठ होत्या, अर्थ मात्र मी लिहून द्यायचा होता. संध्याकाळी वंदना झाली की ते विचारायचे, "काय मॅडम, आमच्या वहीचा नंबर कधी?"

"परीक्षा होऊ द्या ना, बाबा."

"होऊ दे. अडीच हजार वर्षं थांबलोय, अजून महिनाभर थांबू."

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी त्याच गाथा म्हटल्या. मला शब्दन् शब्द कळत होता, म्हणून म्हणवेना. सगळं नाहीसं होतं, हे मी दोन वर्षं शिकले. द्यायचं राहून गेलेलं मात्र नाहीसं होत नाही.

आज वही उघडली. माझं अक्षर तिरकं जातं, म्हणून त्यांनी उजव्या पानांवर पट्टीनं पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. शेवटच्या पानापर्यंत.

परीक्षा झाली. पहिला वर्ग मिळाला. वही माझ्याकडे आहे, आणि उजव्या पानांवर फक्त रेघा आहेत.