फरशीला मॅच होणारा देव

निघालो त्या दिवशी आप्पा एसटी स्टँडवर आले नाहीत. अंगणात कुणाच्या तरी पाट्याला टाकी लावत बसले होते. मी पाया पडलो तेव्हा हातोडा थांबवून एवढंच म्हणाले, "तिकडचा दगड आपल्या ओळखीचा नाही. आधी वाजवून बघ, मग हात घाल." आमचं घर पाथरवटाचं. साताऱ्याकडच्या आमच्या गावातल्या भैरोबाची काळ्या दगडाची मूर्ती आप्पांच्याच हातची, म्हणून जत्रेचा पहिला नारळ आमच्या दारात यायचा. त्या नारळाचा त्यांना केवढा तोरा!

मी मिशिगनला आलो ते एका देवळाच्या कोरीव कामासाठी. देऊळ उभं राहिलं, बाकीचे कारागीर परतले आणि मी ट्रॉयजवळ शेमसच्या यार्डात थडग्यांचे दगड कोरायला लागलो. शेमस आयर्लंडचा, तोही तरुणपणी घर सोडून आलेला. दगड वाजवून घ्यायला त्यालाही बापानंच शिकवलेलं, त्यामुळे आमचं जमलं. उमेदीची वर्षं त्यानं डेट्रॉइटच्या एका चर्चसाठी मेरीची मूर्ती घडवण्यात घातली होती. इथल्या आयटीवाल्या मराठी मंडळींना मात्र 'मी स्टोनमध्ये आहे' म्हटलं की काउंटरटॉपच आठवतात. एका काकूंनी तर किचनचं कोटेशन मागितलं.

गेल्या वर्षी ते चर्च बंद पडलं. मेरी कुणालाच नको होती. शेमसनं जिथे तिथे फोन केले, 'टू हेवी' म्हणून सगळ्यांनी हात वर केले. शेवटी इमारतीबरोबर तिचाही चुरा झाला. मला त्याची दया आली आणि मनातून बरंही वाटलं, की आपला देव कुणी असा काढत नाही. मी इथे दिवस काढत होतो ते त्याच भरवशावर. आप्पा गेले तरी त्यांचं काम गाभाऱ्यात आहे, म्हातारपणी जाऊन त्याच्यासमोर बसायचं.

यंदा जत्रा झाली आणि धाकट्या भावाचा, सुरेशचा, व्हिडिओ कॉल आला. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. गाभाऱ्यात संगमरवरी भैरोबा, मशीनवर काढलेला, गुळगुळीत.

"आप्पांची मूर्ती कुठाय?"

"सोडली की धरणात, सगळा विधी करून. दादा, फरशी पांढरी केली, तिला मॅच नको का व्हायला?"

"आणि नारळ?"

"ज्यांनी फरशी दिली, त्यांच्याकडं गेला."

दुसऱ्या दिवशी शेमसला हे सांगितलं. त्याच्या मुलानं आणलेलं मशीन पलीकडे ग्रॅनाइटवर कुणाचा तरी फोटो कोरत होतं. हल्ली त्यावरची धूळ पुसायची, हेच माझं काम. शेमस म्हणाला, "तरी तू परत जाशील ना? माझं तर तिकडे कुणी उरलं नाही."

मी हो म्हणालो, त्याला बरं वाटावं म्हणून. माझी माणसं आहेत, सुरेश वाट बघतो, नाही असं नाही. पण माझं घर आता गाळात पालथं पडलंय, आणि धरणाच्या काठावर उभं राहून नुसतं पाणी बघायला मी काही जाणार नाही.