अंजिराखालची खुर्ची

लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या गल्लीत ऊन पडलं की आधी अंजीरकाकांची खुर्ची बाहेर, त्यांच्या अंजिराच्या झाडाखाली यायची, मग काका. मूळचे मुंबईचे बेने इस्रायली यहुदी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. कुंपणापलीकडून हाक यायची, "काय बाय, चहा झाला का?"

त्यांचं एक पालुपद होतं. "आमच्या जुन्या संदेष्ट्यांनी सांगून ठेवलंय, शेवटी शांती येणार. जो तो आपापल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी घाबरवणार नाही. मी आपली आधीच जागा धरून ठेवलीय!" आणि खो खो हसायचे.

त्या झाडाची पिकली अंजिरं मात्र माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर पडायची. गांधीलमाश्या वेगळ्याच. एका रविवारी तीन पांढरे कुर्ते गेले आणि माझं डोकं फिरलं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर, तेही मराठीत, कसं बोलणार? आम्हा पुणेकरांचा शहाणपणा बघा: मी कडक इंग्रजीत चिठ्ठी टाइप केली, 'झाड तोडा, नाहीतर परिणाम भोगा.' खाली नाव नाही. गुपचूप त्यांच्या लेटरबॉक्समधून आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी काका ती चिठ्ठी घेऊन माझ्याच दारात. "झाड हे निमित्त गं बाय. आम्ही यहुदी कोणाला तरी इथे नको झालोय."

'अहो काका, मीच ती,' एवढंच म्हणायचं होतं. पण लाज आड आली. मी मेली म्हणाले, "कोणीतरी टवाळ असेल हो."

खुर्ची पुन्हा निघालीच नाही. काकांनी लेकीकडे, मिल्टन कीन्सला जायचं ठरवलं. निघण्याआधी त्यांनी एलियाहू नबीच्या नावाने मलिदा केला. त्या गोड पोह्यांसाठी नारळ मीच खवून दिला, काय म्हणावं मला! प्रार्थना झाल्यावर काकांनी एक वाटा बाजूला काढून माझ्या हातात दिला.

"हा चिठ्ठीवाल्याचा. त्याच्याही जिवाला शांती मिळू दे. कधी कळलं कोण ते, तर दे. तू शेजारी होतीस म्हणून इतके दिवस धीर होता बघ."

तेव्हाही कबुली न देता मी वाटा घेऊन घरी आले. हिवाळ्यात काका लेकीकडेच वारले.

तो वाटा मी, काकांनी दिला त्याच दिवशी, स्वयंपाकघरात उभ्याने, कणही न सांडता खाल्ला. काका, ज्याचा होता त्याला पोचला. शांती तेवढी मिळाली नाही.