रस्ता नसलेलं स्टेशन

जपानला जायचं ठरलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याच्या कारबद्दल. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नो कार. फक्त ट्रेन आणि बस."

"अगं, शहरात ठीक आहे. डोंगरात कुठली बस येणार?"

"येते. मी टाइमटेबल पाहिलंय."

"टाइमटेबल काय, आमच्या एडिसन गावच्या बसलाही आहे."

ती हसली आणि तिकिटं काढून मोकळी झाली. खरं तर आम्ही तिघं जाणार होतो. पण बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तिची बहीण पुण्याहून मुद्दाम राहायला आली होती. "तुम्ही दोघं जा," बायको म्हणाली. "मला इथे बहिणीशी गप्पा मारू द्या. तुमची भांडणं ऐकत डोंगर चढायची माझी तयारी नाही."

माझा कारचा आग्रह उगाच नव्हता. कोल्हापूरहून इंजिनिअर होऊन मी अमेरिकेत आलो आणि निवृत्त होईपर्यंत न्यू जर्सीत हायवेच आखत राहिलो. वळणं, उतार, एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणारे पूल, हे माझं आयुष्य. दूध संपलं तरी कारची किल्ली शोधायची सवय. मुलगी मात्र शिकागोला नर्स आहे आणि तिच्याकडे कारच नाही. कॉलेजात तिनं दोन वर्षं जपानी शिकून घेतलं होतं. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

टोकियोत पहिल्या दिवशी मी नुसता बघत फिरलो. एवढं मोठं स्टेशन, एवढी माणसं, आणि आवाज फक्त पावलांचा. प्लॅटफॉर्मवर दरवाजा कुठे येणार याच्या खुणा रंगवलेल्या होत्या. मला वाटलं, असतील अंदाजानं. मी एका खुणेला बुटाचं टोक लावून उभा राहिलो. गाडी आली, थांबली, आणि दरवाजा बरोबर माझ्या बुटासमोर उघडला. मी चढलो नाही. दुसरी येऊ दिली. तीही तिथेच. तिसरीच्या वेळी मुलीनं माझा दंड धरला आणि मला आत ओढलं.

"बाबा, यू आर एम्बॅरसिंग मी."

"अगं, इंचाचासुद्धा फरक नाही!"

मग मी पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी उभा राहायला लागलो. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवायचा आणि तोंडानं काहीतरी म्हणायचा. मी मुलीला विचारलं, हा कुणाशी बोलतोय?

"स्वतःशी. सिग्नल बघितला हे स्वतःला सांगतो. म्हणजे चूक होत नाही."

एकटा माणूस, बंद केबिन, कुणी तपासायला नाही, आणि तरी प्रत्येक सिग्नलला तो हात उचलत होता. देवळासमोरून जाताना काही माणसं चालता चालता हात जोडतात, तशी ती हालचाल होती. मी नोकरीत सुरक्षेवर कितीतरी रिपोर्ट लिहिले, पण असं काही मला कधी सुचलं नसतं.

चौथ्या दिवशी आम्ही बुलेट ट्रेननं टोयोहाशीला आलो आणि तिथून डोंगरात जाणारी छोटी गाडी धरली. तीन डबे. सुरुवातीला शाळकरी मुली, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका. मग भातखाचरं संपली, नदी शेजारी आली आणि दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ सरकले की खिडकीतून आभाळ बघायला मान वाकडी करावी लागत होती. बोगदा, पूल, परत बोगदा. गाडी अशा ठिकाणी थांबायची की स्टेशनच्या पाटीशिवाय दुसरं काही नाही. मुलगी पहाटेपासून जागी होती, ती खिडकीला डोकं लावून झोपून गेली.

अशाच एका स्टेशनावर गाडी थांबली. दोन कॅमेरेवाले खाली उतरले, म्हणून मीही उतरलो. लाकडाची एक जुनी खोली, तिच्यामागे उतारावर झाडी आणि खूप खाली हिरवं पाणी. माझी नजर सवयीनं रस्ता शोधायला लागली. स्टेशन आहे म्हणजे रस्ता असणारच. तो कुठून आणला असेल एवढ्या चढावरून? बघावं म्हणून खोलीच्या मागे गेलो. तिथे फक्त पायवाट होती, माणूस जेमतेम जाईल एवढी. मी तिच्यावर चार पावलं उतरलो.

शिट्टी ऐकू आली. मी वळून वर येईपर्यंत दरवाजे बंद झाले होते. कॅमेरेवाले केव्हाच आत गेले होते, आणि खोलीच्या मागे असलेला मी गार्डला दिसणं शक्यच नव्हतं. गाडी बोगद्यात शिरली. तिच्यात माझी मुलगी झोपली होती.

फोनला रेंज नव्हती. मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन वर धरून चाललो. काही नाही. टाइमटेबल जपानीत होतं, पण आकडे तर आकडेच. पुढची गाडी तासाभरानं, आणि ती उलट्या दिशेची. आमच्या दिशेची त्यानंतर आणखी तासानं. मी घामानं भिजलो. कार असती तर, असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की कार असती तरी ती इथे आलीच नसती.

तेवढ्यात पायवाटेवरून एक बाई वर आल्या. पंच्याऐंशीच्या तरी असाव्यात. पाठ वाकलेली, डोक्याला फडकं, हातात छोटा विळा, पाठीवर टोपली. मला बघून त्या थांबल्या, वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगायला लागलो. त्यांनी मान हलवली. इंग्रजी त्यांना कळत नव्हतंच, मग मराठीनं काय घोडं मारलं होतं? मी सरळ मराठीत म्हटलं, "आजी, माझी मुलगी गाडीत राहिली. मी इथे राहिलो." आणि हातानं गाडी, झोपलेली मुलगी आणि मी मूर्ख, असं सगळं करून दाखवलं.

त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी मला बाकावर बसवलं. टाइमटेबलवर बोट ठेवलं, उलट्या दिशेच्या गाडीवर. मग गाडी गेली त्या दिशेला हात करून, तिथून इथे, असा हात फिरवला. मुलगी त्या गाडीनं परत येईल. तू हलू नकोस. दोन्ही तळवे खाली दाबून त्यांनी हे मला तीनदा सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं.

त्यांनी थर्मासातून चहा दिला, केळीच्या पानासारख्या कसल्याशा पानात बांधलेला भाताचा गोळा अर्धा करून दिला. टोपलीत चहाची कोवळी पानं होती. मी पायवाटेकडे बोट करून, मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून विचारलं, "रस्ता?" त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. मी दुसऱ्या बाजूला बोट केलं. तिकडेही नाही. कुठेच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदाच अशा जागी बसलो होतो जिथे कुठलाही रस्ता येत नव्हता. आणि तरीही माझ्यासमोर घासूनपुसून ठेवलेलं एक घड्याळ होतं, झाडलेला प्लॅटफॉर्म होता, आणि भिंतीवर पुढच्या गाडीची वेळ होती, मिनिटासकट.

मला एक बाई आठवली. नोकरीत असताना एका गावाबाहेरच्या चौकाचं काम माझ्याकडे होतं. नव्या आखणीत तिथला बस थांबा जात होता. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीत एक म्हातारी गोरी बाई उठून म्हणाली, "मग मी डॉक्टरकडे कशी जाणार?" मी तिला अत्यंत नम्रपणे तक्ता दाखवला. त्या थांब्यावर इतके कमी लोक चढतात की तो ठेवणं परवडत नाही. ती तक्त्याकडे बघत राहिली आणि खाली बसली. घरी येऊन मी जेवलो, झोपलो. त्या बाईचं काय झालं, हे विचारावं असंही मला कधी वाटलं नव्हतं. त्या बाकावर भाताचा गोळा हातात धरून बसलेलो असताना ते वाटलं.

बरोबर ठरल्या मिनिटाला बोगद्यातून उजेड आला. दरवाजा उघडला आणि मुलगी दोन्ही बॅगा ओढत बाहेर पडली. डोळे लाल.

"व्हॉट इज राँग विथ यू, बाबा? मला वाटलं तुम्ही पडलात कुठेतरी! नदीत!"

"रस्ता बघायला गेलो होतो गं."

"रस्ता! यू अँड युअर रस्ता!" ती रडायला लागली आणि मी तिला जवळ घेतलं. ती दहा वर्षांची झाल्यानंतर अशी रडलेली मी पाहिली नव्हती.

ड्रायव्हरनं खिडकीतून मागे वळून पाहिलं, आम्ही दोघं आहोत हे बोटानं मोजलं, टोपीला हात लावला आणि गाडी नेली. मुलगी शांत झाल्यावर म्हणाली, तिला जाग आल्यावर ती धावत गार्डकडे गेली होती. मी कुठल्या स्टेशनावर उतरलो ते कॅमेरेवाल्यांनी सांगितलं. गार्डनं ते शांतपणे लिहून घेतलं, पुढच्या मोठ्या स्टेशनावर तिला उतरवलं, आणि तिथल्या माणसानं या गाडीच्या ड्रायव्हरला सगळं समजावून सांगितलं. "कुणी ओरडलं नाही, बाबा. त्यांनीच मला सॉरी म्हटलं."

मग मुलीनं आजींशी बोलायला सुरुवात केली. अडखळत, पण बोलत होती. माझी मुलगी परक्या भाषेत एका म्हाताऱ्या बाईला खुलवत होती, आणि मी पहिल्यांदाच तिचं जपानी नीट ऐकत होतो. आजींचं माहेर इथलं. खाली धरण झालं तेव्हा बरीचशी घरं पाण्यात गेली. वरची उरली होती, तीही एकेक करून रिकामी झाली. त्या आता दोन-तीन स्टेशनं पुढे लेकाकडे राहतात. महिन्यातून एकदा इथे येतात, आईवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढतात आणि घरामागची चहाची झुडपं छाटतात.

"म्हणजे आता इथे कुणीच राहत नाही?" मी विचारलं.

"कुणीच नाही," मुलीनं सांगितलं.

"मग विचार त्यांना, गाडी इथे कशाला थांबते?"

मुलीनं विचारलं. आजींना प्रश्नच कळला नाही. तिनं दुसऱ्या शब्दांत विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टेशनच्या पाटीकडे पाहिलं आणि एक लहानसं वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, स्टेशन आहे ना, म्हणून."

आमच्या दिशेची गाडी आली तेव्हा गार्ड खाली उतरून उभा होता. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही, तिकिटंही मागितली नाहीत. फक्त दोन बोटं वर करून मुलीकडे पाहिलं, ती हो म्हणाली, आणि त्यानं कमरेतून वाकून नमस्कार केला. आजींच्या टोपलीला हात देऊन त्यानं ती वर चढवली. त्यांचं स्टेशन आल्यावर त्या उतरल्या आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर वाकून उभ्या राहिल्या. मीही आत वाकलो आणि समोरच्या सीटवर डोकं आपटून घेतलं. मुलगी दिवसभरात पहिल्यांदा हसली.

त्या संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मी तिला म्हटलं, "उद्याचं क्योटो राहू दे. इथेच अजून दोन दिवस फिरू, या छोट्या गाड्यांनी."

"आर यू शुअर? क्योटोची हॉटेल्स मी सहा महिन्यांपूर्वी बुक केलीत."

"कॅन्सल कर."

तिनं फोन काढला आणि खरंच कॅन्सल केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या एका वाडीला जाणारी बस धरली. आठ-दहा सीटांची, व्हॅनएवढी. आम्ही दोघं आणि वांग्याची रोपं मांडीवर घेतलेले एक आजोबा. रस्ता एकेरी, आणि वळणं अशी की मी ती कधीच पास केली नसती. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर थांबत होता. रिकामा थांबा, मागे देवदार, बाकी कुणी नाही. तो थांब्याचं नाव माइकवर सांगायचा, दोन्हीकडे बघायचा आणि मग पुढे निघायचा. वाटेत आजोबा उतरले तेव्हा त्यानं उतरून त्यांची रोपं कुंपणापर्यंत नेऊन दिली.

शेवटच्या थांब्यावर बस थांबली आणि आम्ही बाहेर आलो. वाडी एका तीव्र उतारावर टांगलेली होती. घरांच्या खाली शेतं, शेतांच्या खाली काहीच नाही, आणि दरीपलीकडे बर्फाचे डोंगर. एकामागे एक, इतके उंच की आधी मला ते ढग वाटले. मग एका ढगाला कडा दिसला, कड्याला घळी दिसल्या, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलीनं माझ्या दंडाला धरलं होतं.

थोड्या वेळानं मला जाणवलं की ड्रायव्हरही खाली उतरलाय. तो दिवसातून किती वेळा इथे येत असेल कुणास ठाऊक. टोपी काढून काखेत धरून तो आमच्या शेजारी उभा होता, आणि तिकडेच बघत होता.